खेळायला बोलावू या



जेरुसलेमचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून जातील, असे देवाचे अभिवचन जखऱ्या संदेष्ट्याने सांगितले आहे. त्या मुलांत आपल्या शेजारचे अपंग मूल आपल्याला दिसते का? आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्याला मदत देतो. खेळायला मात्र बोलावत नाही. ते पडेल, लोक हसतील, या भीतीने त्याला खिडकीशी बसवून ठेवतो.

युनिस केनेडी श्रायव्हर यांची बहीण रोजमेरी बौद्धिकदृष्ट्या अपंग होती. १९६२ साली युनिसबाईंनी अमेरिकेतील आपल्या घराचे आवार अशा मुलांना खेळण्यासाठी खुले केले. पुढे १९६८ मध्ये शिकागोला पहिले स्पेशल ऑलिंपिक्स भरले. सुरुवात एका अंगणातून झाली.

चेंडूत वाजणारे छरे घातले की अंध मूल क्रिकेट खेळते. अडते ते आपल्या मनाच्या तयारीवर.

खेळ हे औषध नव्हे. खेळाचा आनंद हेच त्याचे प्रयोजन. म्हणून सुट्टीत चर्चच्या आवारात डाव मांडताना या मुलांना टाळ्या वाजवायला नव्हे, खेळायला बोलावू या. आणि मुद्दाम जिंकवू नका. तीही दयाच झाली. इतर मुलांसारखे त्यांनाही कधी जिंकू द्या, कधी हरू द्या.