वहीत लिहिलेली थरथर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री होते. उद्यमनगर म्हणजे लेथ, फौंड्री आणि इंजिनांची वस्ती; तिथं नाव कमवायचं तर हातात कसब लागतं. या मिस्त्रींचं कसब कानात होतं. व्हॉल्व्ह वाजतोय की टायमिंग चेन, हे ते बॉनेट न उघडता सांगत. त्यांच्या हाताखाली आयटीआय झालेला एक पोरगा होता. हाताचा चलाख, स्कॅनर चालवण्यात तरबेज. खोड एकच. गाडी दारात उभी राहायच्या आत याच्या हातात पाना आलेला असे.

एका सकाळी विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका आपली गाडी घेऊन आल्या. पंधरा वर्षांची, चार गिअरची ऑटोमॅटिक. बाईंच्या डाव्या पायात लहानपणापासून पोलिओमुळे बळ नव्हतं. क्लच दाबणं जमत नसे, म्हणून ही गाडी म्हणजे त्यांचं स्वातंत्र्य. बाजार, बँक, रत्नागिरीला दिलेली लेक, सगळं हिच्या जिवावर. आणि गेले काही महिने ती चालता चालता थरथरत होती.

"तीन ठिकाणी दाखवली," बाई म्हणाल्या. "एकांनी प्लग आणि कॉइल बदलले. दुसऱ्यांनी इंजिन माउंटिंग घातलं, चाकांचं बॅलन्सिंग केलं. तिसरे म्हणाले, गिअरबॉक्स गेला, खर्च लाखाच्या घरात, त्यापेक्षा भंगारात द्या."

"यातलं कोण तुमच्याबरोबर गाडीत बसलं होतं?"

"कुणीच नाही."

पोरग्यानं तोवर स्कॅनर जोडला होता. एकही कोड नव्हता. "तात्या, असं करू. गिअरबॉक्सचं ऑईल बदलू, थ्रॉटल बॉडी धुऊ, एक-दोन सेन्सरही नवे टाकू. कशानं तरी जाईलच की."

"जाईल रे. पण कशानं गेलं, ते बाईंनी विचारलं तर काय सांगशील? आणि परत आलं तर कुठनं सुरुवात करशील?"

पोरगा गप्प झाला. बाईंनी पर्समधून एक छोटी वही काढून मिस्त्रींच्या हातात दिली. या कथेतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही वही. गाडी कधी थरथरते आणि कधी नाही, दोन्ही तिच्यात लिहिलेलं होतं. त्यातलं 'कधी नाही' लिहून ठेवणारं गिऱ्हाईक मिस्त्रींना इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं.

सकाळी निघाल्यावर पहिले काही किलोमीटर काही नाही. तापमानाचा काटा जागेवर आला की सुरू. वेग ६० ते ७५. रस्ता सपाट, पाय हलका. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की लगेच बंद. सिग्नलला डी मध्ये उभी असताना नाही. ब्रेक मारताना नाही. स्टिअरिंग हलत नाही, सगळी गाडीच थरथरते, रस्त्यावरच्या रम्बलरवरून गेल्यासारखी, दोन-तीन सेकंद.

मिस्त्रींनी वही दोनदा वाचली आणि पोरग्यापुढं धरली. "आता यातनं कोण कोण सुटलं, सांग."

पोरगा अडखळत सांगू लागला. डी मध्ये उभी असताना हादरत नाही, म्हणजे माउंटिंग नव्हे. ब्रेकला नाही, म्हणजे डिस्क नव्हे. चाकाचा दोष इंजिन तापायची वाट कशाला बघेल? ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट जोर दिला की थरथरतो, इथं तर जोर दिला की थांबतंय.

"मग उरलं काय?"

"मिसफायर. नाहीतर कन्व्हर्टरचा लॉक-अप."

"चला तर, गाडीलाच विचारू."

मिस्त्री चालवायला, शेजारी बाई, मागं स्कॅनर घेऊन पोरगा. गाडी कागलच्या दिशेनं महामार्गाला लागली. मिस्त्री बाईंना सांगत होते. तुमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये कन्व्हर्टर असतो, तेलानं भरलेला. इंजिन तेल फिरवतं, तेल पुढची पाती फिरवतं. सिग्नलला गाडी डी मध्ये असून बंद पडत नाही ती त्यामुळंच. पण तेलातून ताकद जाताना थोडी घसर होते आणि पेट्रोल वाया जातं. म्हणून आत एक क्लच असतो. वेग आला, इंजिन तापलं, पाय हलका झाला, की कॉम्प्युटर तो क्लच लावतो आणि इंजिन थेट जोडलं जातं. त्याला लॉक-अप म्हणायचं. जोर दिला की तो सुटतो.

"म्हणजे माझ्या वहीतल्या वेळा याच क्लचच्या वेळा आहेत," बाई म्हणाल्या.

गोकुळ शिरगाव मागं पडलं. काटा सत्तरवर, पाय हलका, आणि थरथर आली. मिस्त्रींनी आरशात पाहिलं. मागं रस्ता मोकळा होता. त्यांनी डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श केला. दिवा लागेल इतकाच, वेग कमी होईल इतका नाही. थरथर जागच्या जागी थांबली. पाय काढला, काही क्षणांनी पुन्हा आली. पुन्हा स्पर्श, पुन्हा शांत. ब्रेकचा स्विच दिसला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो, एवढंच यातलं मर्म.

"सापडलं!" पोरगा म्हणाला.

"थांब. लॉक-अप सुटला की मिसफायरचा हादरासुद्धा तेलात मुरतो. तुझं मशीन काय म्हणतंय?"

पोरग्यानं पडद्याकडं पाहिलं. मिसफायरची नोंद शून्य. आणि लॉक-अप लागलेला असताना इंजिनाचे फेरे आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे जवळपास सारखे असायला हवेत. इथं थरथर आली की त्यांच्यातला फरक नाचत होता. क्लच धड धरत नव्हता, धड सोडत नव्हता. मिस्त्रींच्या कानाला हे कळलं नसतं. त्यांनी तसं पोरग्याला उघड सांगितलं. पोरग्यानं मशीन छातीशी धरलं.

गॅरेजवर येऊन गिअरबॉक्सचा नट काढला. लाल असायचं ते ऑईल तपकिरी झालं होतं, पण जळका वास नव्हता. नटाच्या चुंबकावर करडा लेप होता. मिस्त्रींनी तो बोटांत चोळला. कीस नव्हता, नुसती भुकटी. "आतलं दात-चाक तुटलेलं नाही," ते म्हणाले. "क्लचनं धरताना गुळगुळीत धरावं म्हणून ऑईलमध्ये औषध असतं, ते संपलंय. आधी ऑईल. पण बाई, क्लचचं अस्तरच झिजलं असेल तर ऑईलनं भागणार नाही, कन्व्हर्टर उतरवावा लागेल. हे आत्ताच सांगून ठेवतो."

पोरगा कोपऱ्यातल्या डब्यातलं ऑईल आणायला निघाला. "लाल ते सगळं एक नसतं," मिस्त्रींनी त्याला थांबवलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच प्रतीचं ऑईल मागवलं. जेवढं निघालं तेवढंच मोजून भरलं, आणि गाडी गरम करून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पातळी पाहिली.

थरथर कमी झाली. गेली नाही.

"तात्या, मग गिअरबॉक्स उघडूया?" पोरग्यानं विचारलं.

उत्तर बाईंनी दिलं. "एकूण ऑईल किती मावतं?"

"सहा लिटर."

"आणि निघालं किती?"

"अडीच. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, ते नटातून येत नाही."

बाईंनी खडू मागून घेतला आणि पत्र्याच्या दारावर हिशोब मांडला. सहातले साडेतीन लिटर जुनंच, म्हणजे ५८ टक्के. ते नव्यात मिसळणार. पुन्हा अडीच काढले की जुनं उरेल ३४ टक्के. तिसऱ्यांदा २०. "तुम्ही अजून जुनं ऑईल बदललेलंच नाही. अर्ध्याहून जास्त आतच आहे. निकाल आत्ताच कसा लावता?"

आणखी दोनदा ऑईल बदलायचं ठरलं, मधे काही आठवडे गाडी चालवून. मशीन लावून दाबानं सगळं एकदम बदलण्याची सोय होती, पण मिस्त्रींना ती नको होती. जुन्या गिअरबॉक्सला दाबाचा धक्का देण्यापेक्षा थांबणं त्यांना परवडत होतं. बाई वही लिहीत राहिल्या. दुसऱ्या खेपेनंतर थरथर आठवड्यातून एखाद्या वेळी. तिसरीनंतर कागलपर्यंत जाऊन-येऊन एकदाही नाही, आणि स्कॅनरवर दोन्ही आकडे जोडीनं चाललेले.

बिल पोरग्यानं लिहायला घेतलं. 'गिअरबॉक्स दुरुस्ती' एवढं लिहून तो रक्कम टाकणार, तोच मिस्त्रींनी त्याला थांबवलं. "पुढच्या मिस्त्रीला यातनं काय कळणार?"

पोरग्यानं दुसरा कागद घेतला. तारखा, किलोमीटर, ऑईलची प्रत, दर वेळी किती निघालं नि किती भरलं, चुंबकावर काय होतं, ब्रेकच्या स्पर्शानं थरथर थांबत होती, मिसफायर शून्य. सगळं ओळीनं उतरवलं. मग पेन थांबलं. त्यानं बाईंना विचारलं, "रत्नागिरीला कधी जाणार?"

"पुढच्या महिन्यात."

कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं शेवटची ओळ स्वतःच घातली: 'सपाट रस्त्यावर तपासली. आंबा घाटाच्या चढावर अजून तपासलेली नाही. परत आल्यावर वही घेऊन यावे.'