झ्लातो, जरी आणि हळद

नागपुरातल्या कुठल्याही लग्नघरात तीन पिवळ्या गोष्टी असतातच: हळद, जरीकाठाचा शालू आणि इतवारीच्या सराफ्यातून आणलेलं सोनं. किंमत लावायची तर हळद सगळ्यांत शेवटी. पण शब्दांच्या घराण्यात तिचा मान जरीइतकाच आहे.

सोन्याला चेक आणि सर्बियन भाषांत ‘झ्लातो’ म्हणतात, रशियनमध्ये ‘झोलोतो’. पोलंडच्या चलनाचं नाव ‘झ्वोती’, म्हणजे सोन्याचा. अर्थात, आजच्या झ्वोतीच्या नाण्यात सोनं नसतं. या सगळ्या स्लाव्ह शब्दांचं मूळ भाषाशास्त्रज्ञ पिवळेपणा आणि चमक सांगणाऱ्या एका अतिप्राचीन शब्दात शोधतात. त्याच मुळातून संस्कृतात ‘हिरण्य’ आला आणि फारसीत ‘झर’. हा ‘झर’ मराठीत ‘जर’ झाला आणि जरीच्या काठात विणला गेला. ‘हरिद्रा’, म्हणजे आपली हळद, याच कुळातली.

आपलं ‘सोनं’ मात्र ‘सुवर्ण’वरून आलं. सुवर्ण म्हणजे चांगल्या वर्णाचं, सुंदर रंगाचं.

यातल्या एकाही शब्दाचा मूळ अर्थ ‘महाग’ असा नाही. डोळ्यांना आधी रंग दिसला. भाव नंतर ठरला.

मग मोल वस्तूत असतं की आपल्या नजरेत? सोनं गंजत नाही आणि दुर्मीळ आहे, त्यामुळे त्याला भाव येणं समजू शकतं. पण ‘मुलीला किती तोळे घातले?’ हा प्रश्न धातूबद्दल नसतो. तिथे काट्यावर माणूस ठेवलेलं असतं, आणि त्या आकड्यासाठी एखादा बाप कर्ज काढतो.

रंगावरून धातूला नाव दिलं, त्यात कुणाचं नुकसान झालं नाही. पण ‘वर्ण’ हाच शब्द आपण माणसांच्या उतरंडीलाही लावला, आणि जन्मावरून माणसाचा कस ठरवू लागलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि ती उतरंड नाकारली. एरवी दसऱ्याला आपण आपट्याचं पान ‘सोनं’ म्हणून वाटतो. त्या दिवशी माणसांनी आपलं मोल स्वतः ठरवलं.

सोन्याचा आजचा भाव मोबाइलवर क्षणात कळतो. माणसाचा भाव काढायची घाई मात्र कुणी करू नये.