ईश्वरदत्त सद्गुण आणि मनुष्याचा प्रयत्न

सद्गुण मनुष्यानें मिळवावयाचा असतो, कीं तो त्याला लाभावयाचा असतो, हा वाद नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याचा कौल पहिल्या पक्षास आहे. वीणा वाजवून वाजवूनच मनुष्य वीणावादक होतो. त्याचप्रमाणें न्यायाचीं कृत्यें करीत गेल्यानेंच तो न्यायी होतो, असें त्याचें म्हणणें. सद्गुण अंगीं बाणल्याची खूण म्हणून तो त्या कृत्यापासून होणाऱ्या आनंदाकडे बोट दाखवितो. ही उपपत्ति बुद्धीस पटते. परंतु तींत एक कठोरपणा आहे. ज्याला लहानपणीं चांगलें वळण लागलें नाहीं, ज्याचें अर्धें आयुष्य वाईट संवयींत गेलें, त्याला ती फारशी आशा देत नाहीं.

ख्रिस्ती नीतिशास्त्रांतील ईश्वरदत्त सद्गुणांचा सिद्धान्त येथेंच महत्त्वाचा ठरतो. सेंट पॉलनें एकत्र गोंविलेले विश्वास, आशा व प्रीति हे गुण अभ्यासानें उत्पन्न होत नाहींत. ते ईश्वरी कृपेनें अंतःकरणांत उतरतात. मनुष्य कृपेवांचून स्वबळावर निष्पाप राहूं शकेल, हें मत कार्थेजच्या परिषदेनें इ. स. ४१८ मध्येंच त्याज्य ठरविलें होतें. १३ व्या शतकांत टॉमस ॲक्वायनस आणखी पुढें गेला. विवेक, न्याय, धैर्य व संयम या गुणांचेंही एक ईश्वरदत्त रूप असतें, असें त्यानें प्रतिपादिलें. अभ्यासजन्य संयमाचें माप बुद्धि ठरविते. आहारानें शरीरास अपाय होऊं नये व विचारशक्ति मंदावूं नये, एवढें तिला पुरे. ईश्वरदत्त संयमाचें माप ईश्वरी नियम होय, आणि तो देहदमनही सांगतो.

मग जें दिलें गेलें त्याचें श्रेय कसलें? दक्षिणेंतील श्रीवैष्णवांतही असाच वाद झाला. माकडिणीचें पिलूं आईला स्वतः धरून राहतें. मांजरीच्या पिलाला आईच तोंडांत धरून नेते. भक्त यांपैकीं कोणासारखा? ॲक्वायनसचें उत्तर या दोहोंच्या मधलें आहे: ईश्वर हे गुण आमच्या कर्तृत्वावांचून देतो, परंतु आमच्या संमतीवांचून देत नाहीं.

तथापि या सिद्धान्ताचें मर्म मला त्याच्या एका लहानशा कबुलींत दिसतें. ईश्वरदत्त गुण लाभल्यावरही जुन्या संवयींचे ठसे उरतात, म्हणून त्याचें आचरण कष्टाचें होतें, असें ॲक्वायनस म्हणतो. वर्षानुवर्षें मद्यपान केलेला मनुष्य आज पश्चात्तापानें ईश्वराकडे वळला, असें समजा. उद्यां गुत्त्यावरून जातांना त्याचा घसा कोरडा पडेल, पाय अडखळतील; तो पुढें जाईल, पण मन मारून. ॲरिस्टॉटलच्या कसोटीस तो फार तर निग्रही ठरेल, संयमी नव्हे. ॲक्वायनसच्या मतें संयम त्याच्या ठायीं आलेला आहे. संवय मात्र मागून यावयाची आहे. अर्थात् देणगीनें प्रयत्न संपत नाहीं. तो तेथून सुरू होतो.

ज्यांस ईश्वर मान्य नाहीं त्यांनींही यांतला बोध घेण्यासारखा आहे. शांत स्वभाव, चांगले आईबाप व सुस्थिति ज्यास जन्मतःच लाभली, त्याचा सदाचार सोपा असतो. त्या सोपेपणालाच आपण शील समजतों, आणि धडपडणाऱ्याविषयीं साशंक राहतों. आपल्या चांगुलपणांत कमावलेलें किती व पदरांत पडलेलें किती, याचा हिशेब प्रत्येकानें प्रामाणिकपणें करावा. तो केल्यावर दुसऱ्याच्या अडखळत्या पावलांस हंसण्याचा धीर फारच थोड्यांस होईल.