पेपरचे दोन दिवस

आमच्या जेवणाच्या टेबलावर दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन येतं. तेवढा अर्धा तास टेबलाच्या पाटावर बारीक आडव्या रेघा दिसतात. ऊन सरकलं की त्या नाहीशा होतात. सहा वर्षं मी त्या रेघा पाहतोय आणि सहा वर्षं आल्यागेल्याला सांगतोय, की पॉलिशवाल्यानं काम उरकलं, हल्ली कारागिरांना कामाची कळकळ राहिलेली नाही. हे मी खोटं सांगत होतो का? सांगताना तसं कधी वाटलं नाही. खरं काय घडलं होतं ते आठवायला मला यंदाच्या पावसाळ्यात मुलीची गिटार बिघडवावी लागली.

मुलगी सोळा वर्षांची आहे. साठवलेल्या पैशांतून तिनं घरी जोडायच्या इलेक्ट्रिक गिटारचं किट मागवलं. लिओ फेंडरनं १९५० मध्ये कॅलिफोर्नियात जी गिटार बाजारात आणली, तिच्याच घाटाची. आत पोकळी नाही, धड म्हणजे एक भरीव फळी, आणि मान तिला चार स्क्रूंनी जोडलेली. म्हणून तर ती घरच्या टेबलावर जोडता येते. तारा, वायरी, पिकअप हे सगळं नंतरचं. आधी कोरं महोगनी लाकूड घासायचं, त्याची छिद्रं भरायची, मग स्टेन द्यायचा. सोसायटीच्या गणपतीत ती ही गिटार वाजवणार असं ठरलं होतं. आणि माझ्या मनात? ‘घरी बनवली? तुम्ही दोघांनी?’ हे शेजाऱ्यांचे शब्द मला आधीच ऐकू यायला लागले होते.

ती हळू काम करते. पॉलिश पेपर बुचाच्या ठोकळ्याला गुंडाळून, लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच, आधी १२० नंबरचा, मग १८०, मग २२०. मध्येच ओलं फडकं फिरवून थांबायची, कारण पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात आणि वाळल्यावर ते पुन्हा घासून काढावे लागतात. दोन रविवारांत तिची फक्त मागची बाजू झाली. तिसऱ्या आठवड्यात ती क्लासला गेलेली असताना मी पुढची बाजू एका संध्याकाळी उरकली. १२० वरून थेट ३२०. हाताला गुळगुळीत लागत होतं, ट्यूबलाइटखाली छान दिसत होतं. पण बारीक पेपर खडबडीत पेपरच्या ओरखड्यांच्या तळापर्यंत पोचतच नाही, तो फक्त वरचे उंचवटे चकचकीत करतो. कडेच्या वळणावर हात नीट बसेना, तिथे मी सरळ रेषेला आडवा घासत गेलो. ते चुकीचं आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हणू? माहीत होतं. वर रंग बसणार आहे, झाकलं जाईल, असं मी स्वतःला सांगितलं.

महोगनीची छिद्रं उघडी असतात. ती न भरता वर चकचकीत थर दिला तर सुया टोचल्यासारखे खड्डे दिसत राहतात. जुने पॉलिशवाले त्यासाठी खडूच्या भुकटीत गेरू कालवून लाकडावर चोळत. आम्ही डब्यातलं तयार फिलर आणलं होतं. ते रेषेला आडवं चोळायचं म्हणजे छिद्रांत बसतं, वरचं जास्तीचं घट्ट होण्याआधी पुसायचं, मग रात्रभर वाळू द्यायचं. पुण्यातला ऑगस्ट, भिंतींनासुद्धा ओल आलेली. मी त्याला चार तास दिले.

स्टेन तिनं लावला. तांबूस तपकिरी. तो रंगासारखा वर बसत नाही, लाकडात शिरतो. जिथे ओरखडे होते तिथे जास्त शिरला आणि आडव्या काळ्या रेघा उमटल्या. जिथे फिलरचा पापुद्रा राहिला होता तिथे शिरलाच नाही, फिकट डाग पडले. ती बघत राहिली. म्हणाली, ‘‘बाबा, माझ्याकडून काही राहिलं का रे?’’

मी म्हणालो, ‘‘किटचं लाकूडच हलकं असतं गं.’’

तिनं धड उलटं केलं. मागची बाजू एकसारखी, संथ रंगलेली. लाकूड तेच, फळी तीच. ती काहीच बोलली नाही.

त्या रात्री मला टेबलाचा हिशेब आठवला. पॉलिशवाल्यानं चार दिवस पेपरचे सांगितले होते आणि पुढे पॉलिशचे वेगळे. मी म्हटलं होतं, ‘‘नुसता पेपर मारायला चार दिवस? दोन धरा.’’ तो जरा वेळ टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला, मग ‘‘बरं’’ म्हणाला. संध्याकाळी मी बायकोला किती पैसे वाचवले ते सांगितलं. तिथून पुढे सहा वर्षं मी त्या माणसाला घरात बसून नावं ठेवली. हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? की आलं होतं, आणि म्हणूनच इतक्या वेळा सांगावं लागत होतं?

आणि हाच मी दर डिसेंबरला सवाईला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, जातो. गायक भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो १९५३ साली सुरू केला. त्या गुरूंचे गुरू अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि मिरजेच्या तानपुऱ्यांबद्दल मी मध्यंतरात भरभरून बोलतो. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी ती बातमी चार जणांना पाठवली. मिरजेत ही वाद्यं घडवायला ज्यांनी सुरुवात केली ते फरीदसाहेब घराण्यानं शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. घासण्याचाच पिढीजात धंदा. हे मी किती कौतुकानं सांगतो! सतारमेकर गल्लीत एकदा गेलोही होतो. एक म्हातारे गृहस्थ तानपुऱ्याच्या भोपळ्यावर पेपर फिरवत बसले होते. मी त्यांना तयार तानपुऱ्याची किंमत विचारली. हे घासायला किती दिवस जातात, असं विचारावंसं वाटलं नाही. खुर्चीत बसून ऐकताना कारागिरीचा आदर आणि घरच्या बिलात तिचेच दोन दिवस कापायचे, तर तो आदर कसला होता?

कदाचित त्या पॉलिशवाल्यानं चार दिवस घेऊनही रेघा ठेवल्या असत्या. असेलही. पण ते कळायची सोय मीच ठेवली नाही.

सकाळी मुलीला सांगितलं, पुढची बाजू मी घासली होती आणि लाकडाचं मी खोटं बोललो. ‘‘कळलं होतं मला,’’ ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प. त्या गप्प बसण्याचं काय करायचं ते मला समजलं नाही, अजूनही नाही. गिटार गणपतीत वाजली नाही. मुरलेला स्टेन काढायला पुन्हा १२० पासून सुरुवात केली आहे. पुढची बाजू तिनं स्वतःकडे घेतली आणि मला धडाच्या दोन्ही टोकांच्या कडा दिल्या. तिथे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं असतात, रंग सगळ्यात जास्त तिथेच शोषला जातो आणि घासावंही सगळ्यात जास्त लागतं. परवा दोन तास घासून वीतभर कड झाली.

पॉलिशवाल्याचा नंबर फोनमध्ये अजून आहे, ‘पॉलिशवाला’ असाच. नाव मी विचारलंच नव्हतं. फोन लावला तर तो नंबर आता दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

काल चार वाजता शेजारचे काका चहाला आले. टेबलावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, ‘‘ह्या रेघा कसल्या हो?’’ जुनं वाक्य तोंडातून निम्मं बाहेर पडलं होतं. मी थांबलो, आणि दोन दिवसांचे पैसे कापल्याचं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘जाऊ द्या हो, कुणाला दिसतंय!’’ आतल्या खोलीतून पेपरचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. मग पुन्हा सुरू झाला.