रूप देण्याचा अधिकार

वाचकांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहिलेली कथा पडद्यावर आली, की तिच्याविषयी उठणारा वाद वरवर आवडीनिवडीचा वाटतो; परंतु त्याच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न असतो, तो असा की, जे शब्दांत आहे त्याला डोळ्यांना दिसणारे रूप देण्याचा अधिकार कोणाला, आणि ते रूप मुळाशी इमान राखून आहे असे केव्हा म्हणावे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कल्पितविश्वावरील 'द रिंग्स ऑफ पॉवर' ही मालिका सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टांतील त्रोटक नोंदींवर उभारलेल्या या कथानकाने जगभरच्या चाहत्यांमध्ये फूट पाडली. शांत आणि ज्ञानवृद्ध म्हणून परिचित असलेली एल्फ-स्त्री गॅलाड्रिएल तलवार घेऊन का फिरते, हजारो वर्षांचा इतिहास मोजक्या पात्रांच्या आयुष्यात का कोंबला, असे आक्षेप आले. काहींनी नटांच्या वर्णावर बोट ठेवले, पण ज्या आक्षेपात वर्णद्वेषापलीकडे काही नव्हते तो विचारात घेण्याच्या योग्यतेचा नाही. उरलेल्या आक्षेपांचा स्वर मात्र लक्ष देण्याजोगा आहे, कारण तो निराश प्रेक्षकाचा नसून श्रद्धास्थानाला धक्का लागलेल्या माणसाचा आहे.

मराठी परंपरेला हा पेच नवा नाही, आणि तो सर्वांत ठळकपणे दिसतो तो एकनाथांच्या कार्यात. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांच्या नकलांमुळे अपपाठ, म्हणजे चुकीचे किंवा मागाहून घुसलेले शब्द, शिरले होते. नाथांनी १५८४ मध्ये त्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि जो या ग्रंथात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असा कडक इशारा शेवटी दिला. येथे जी वृत्ती दिसते तिला पाठनिष्ठा म्हणता येईल : ग्रंथकाराचे शब्द जसेच्या तसे राखणे हेच येथे इमान. पण याच नाथांनी पुढे भावार्थरामायण लिहायला घेतले तेव्हा वाल्मीकींचा शब्द त्यांना बांधून ठेवू शकला नाही. बंदीत पडलेल्या देवांना सोडवणारा त्यांचा राम हा त्यांच्या काळाने मागितलेला राम होता. या दुसऱ्या वृत्तीला अर्थनिष्ठा म्हणावे, कारण तिच्यात शब्द बदलतो तो कथेच्या गाभ्यातला अर्थ नव्या श्रोत्यापर्यंत पोचावा म्हणून. एकाच पुरुषाच्या ठिकाणी या दोन्ही निष्ठा विसंगतीविना नांदल्या, याचे कारण त्याने ज्ञानेश्वरी आणि आपली रचना यांच्यातली सीमारेषा कधी पुसट होऊ दिली नाही. इतकेच नव्हे, तर युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत नाथांचा हात आहे आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याचा आहे, हेही परंपरेने न लपवता सांगितले आहे.

शब्दातून रूपाकडे जाताना काय घडते, हे दगडात पाहायचे असेल तर मावळातील कार्ल्याच्या लेण्यांकडे वळावे लागते. वेहेरगावच्या डोंगरावरील येथील चैत्यगृह, म्हणजे स्तूपाला प्रदक्षिणा घालता यावी अशा रीतीने खडकात कोरलेले उपासनागृह, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास आकाराला आले. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने ते पूर्ण करविले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे तिथला शिलालेख सांगतो. लाकडी सभागृहाची ही दगडी नक्कल इतकी मनःपूर्वक आहे की खडकाच्या छताला आधाराची कसलीच गरज नसताना त्याच्या कमानीला सागवानी फासळ्या बसवल्या गेल्या, आणि त्या आजही जागेवर आहेत. माध्यम बदलल्यावरही जुन्या माध्यमाची आठवण सोडू न देणारी ही निष्ठा आहे. ज्या काळी हे काम झाले त्या काळी उपासनेसाठी येथे बुद्धाची मूर्ती नव्हती. आत स्तूप होता, म्हणजे मानवी देह न दाखवता बुद्धाचे स्मरण देणारे चिन्ह, आणि उपासकाने आपल्या मनातले रूप आपणच पाहावे अशी ती योजना होती. पुढे चार-पाच शतकांनी महायान पंथाच्या प्रभावकाळात दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. ती भिंत मोकळी नव्हती. तिच्यावर स्त्रीपुरुषांच्या भव्य जोड्या होत्या आणि वेदिकेची, म्हणजे लाकडी कठड्याची, नक्षी होती. नव्या मूर्तींना जागा करण्यासाठी ती नक्षी तासून काढावी लागली, आणि मधल्या दाराच्या बाजूला कठड्याची ओळ जेथे अर्धवट तुटते, तेथे दोन काळांतील छिन्न्यांची कामे एकमेकांना खेटून उभी असलेली दिसतात. अंगणात महारठी अग्निमित्रणकाने दिलेला सिंहस्तंभ आहे. त्याच्या जोडीचा दुसरा स्तंभ जेथे असावा असे मानतात तेथे एकवीरा आईचे देऊळ आहे, आणि चैत्राच्या यात्रेला डोंगर चढणाऱ्या कोळी-आगरी भाविकांच्या दृष्टीने हा डोंगर प्रथम आईचाच आहे. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, ही लोककथा त्याच श्रद्धेतून आलेली आहे.

कार्ल्याच्या भिंतीवरची छिन्नी आणि आजचा कॅमेरा यांत फरक आहे, तो असा की तासलेली नक्षी परत येत नाही, पण चित्रित झालेला ग्रंथ कपाटात अक्षरशः जसाच्या तसा राहतो. मालिका आवडली नाही तर पुस्तक उघडावे, असे जे समर्थन नेहमी केले जाते ते या फरकावर उभे आहे, आणि ते अपुरे आहे. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू असताना अनेक घरांत संचाला हार घातले जात आणि उदबत्ती लावली जाई. त्या पिढीला रामाचा चेहरा नटाच्या चेहऱ्याहून वेगळा काढणे पुढे कठीण झाले. ग्रंथ शाबूत राहिला, पण वाचणाऱ्याच्या मनातला स्तूप बुजला. ही हानी खरी आहे. मात्र ती टाळण्यासाठी मालिकेने प्रत्येकाच्या मनातले रूप दाखवावे, ही मागणी पुरी होणारी नाही, कारण ती रूपे जितके वाचक तितकी असतात. 'रामायण' मालिकेने मात्र एक गोष्ट चोख केली होती : आरंभीच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर एकनाथांच्या भावार्थरामायणाचाही आधार म्हणून उल्लेख होता.

मुळात नसलेले काय घातले आहे हे उघड सांगितले नाही की काय होते, याचे उदाहरण १९८८ ते १९९० मधील 'महाभारत' मालिकेत सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध प्रतींच्या तुलनेने ठरवलेला पाठ, सिद्ध केली. तिच्यात मयसभेत फसलेल्या दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असे द्रौपदी म्हणत नाही. लोकपरंपरेतला हा टोमणा मालिकेने व्यासांच्या कथेचाच भाग असल्यासारखा तिच्या तोंडी घातला, आणि युद्धाचा दोष एका स्त्रीच्या जिभेवर ठेवण्याची सवय घरोघरी पक्की झाली. येथे केवळ कथेवर नव्हे, पात्रावर अन्याय झाला आहे. उलट त्या आवृत्तीच्या संपादकांनी जे पाठ मुख्य संहितेतून काढले, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. गणपती लेखनिक झाल्याची लाडकी कथासुद्धा तेथे वाचायला मिळते. टॉल्किन यांनीही हेच केले. १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये गॉलम आपली अंगठी पैजेचे बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो; १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी हा प्रसंग बदलला, आणि आधीची हकिगत ही कथानायक बिल्बोने सांगितलेली खोटी कथा होती, असे पुढच्या ग्रंथात मांडून जुन्या पाठालाही कथेत जागा दिली.

पाठनिष्ठा आणि अर्थनिष्ठा यांच्या कसोटीवर 'द रिंग्स ऑफ पॉवर'च्या चाहत्यांचे दोन आक्षेप सारख्या वजनाचे ठरत नाहीत. गॅलाड्रिएलचा पूर्वेतिहास टॉल्किन यांनी अखेरपर्यंत पुन्हापुन्हा बदलला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये ती तरुणपणी बलवान आणि महत्त्वाकांक्षी आहे. तेव्हा तिच्या हाती तलवार देणाऱ्याने पाठ सोडला असेल, पण अर्थ सोडलेला नाही. काळ आवळण्याचा दोष याहून गंभीर आहे. मुळात सत्तेच्या अंगठ्या घडवल्यापासून न्यूमेनॉर बेट बुडेपर्यंत सुमारे सतराशे वर्षे जातात, आणि या अवधीत तेथील माणसे पिढ्यांमागून पिढ्या मृत्यूला अधिकाधिक घाबरू लागतात. ज्यांचे पूर्वज आयुष्य स्वेच्छेने परत करीत, त्यांचा अखेरचा राजा अमरत्व हिसकावून घ्यायला आरमार घेऊन निघतो. अमर एल्फांचे दुःख आणि मर्त्य माणसांचा मत्सर हे दोन्ही त्या दीर्घ काळातूनच जन्माला येतात. तो काळ एका मानवी आयुष्यात बसवला की बेटाचा नाश राजकारणातल्या डावपेचांचा परिणाम ठरतो, आणि मृत्यू ही देणगी की शिक्षा, हा ज्या प्रश्नासाठी टॉल्किन यांनी ती कथा रचली तो विचारायला कोणी उरत नाही.