वाक्य खोटं होतं का?

हिंगणघाट तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवीला इतिहास शिकवतो. त्या दिवशी अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध होतं. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिलंय, हे मी सांगितलं. तो लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली, हेही सांगितलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, “मंग थो खोटंच लिहून गेला ना जी, सर?”

मी कापसाकडे वळलो. इथल्या पोरांना जिनिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सरकी वेगळी करणारं यंत्र एली व्हिटनीने १७९३ मध्ये बनवलं. हाताचं काम वाचलं, म्हणजे गुलामी कमी व्हायला हवी होती. उलट कापूस इतका फायद्याचा झाला, की १७९० मधले ७ लाख गुलाम १८६० पर्यंत ४० लाखांच्या जवळ गेले.

तरी ते वाक्य वाया गेलं नाही. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५२ मध्ये त्याच जाहीरनाम्यावरून गोऱ्या अमेरिकेला जाब विचारला. पुढे गुलामी संपली आणि ती संपवणाऱ्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. खोट्या वाक्याचा जाब विचारून काय मिळणार? न पाळलेल्या वाक्याचा मात्र विचारता येतो. हा फरक पोरांना सांगून मी खूश झालो.

मग मधली सुट्टी झाली. व्हरांड्यात खिचडीच्या पंगती बसल्या, रोजच्यासारख्या, वस्तीप्रमाणे वेगवेगळ्या. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. सकाळी परिपाठात आम्ही सगळ्यांनी प्रतिज्ञा म्हटली होती. मीही म्हटली होती. चार वर्षं मी या पंगती बघतोय आणि ‘पोरं आपापल्या मित्रांसोबत बसतात’ अशी स्वतःची समजूत घालतोय. जेफरसनचा हिशेब मी दहा मिनिटांत मांडला होता.

वाक्य लिहिणाऱ्याच्या वागण्याने खोटं ठरत नाही, हे मला आजही पटतं. पण त्या पटण्याआड लिहिणाऱ्याला लपता येत नाही. म्हणणाऱ्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन दोन पंगतींच्या मधल्या रिकाम्या जागेत बसलो. मागच्या बाकावरचा तो पोरगा थोडा वेळ बघत राहिला.

“इथं काहून बसले जी, सर?”

मी म्हटलं, “कालच्या धड्यातलं थोडं राहिलं होतं.”