टनाचा भाव आणि उष्णतेचा हिशेब

मलकापूर-कराड भागातल्या वीटभट्टीवाल्याला कोळशाचा भाव विचारला, तर तो टनाचा सांगतो. लहान बॉयलर चालवणारा कारखानदारही टनाचाच सांगतो. त्या टनात उष्णता किती, हे घेणारा क्वचितच विचारतो आणि विकणारा आपणहून सांगत नाही. आयात कोळसा स्वस्त झाला की महाग, या चर्चेला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट, हा कोवळा कोळसा. त्यात पाणी भरपूर आणि उष्णता कमी. रत्नागिरीकडे जांभ्याखाली त्याचे पातळ थर आहेत, पण महाराष्ट्रात त्याची खाण चालत नाही. देशातला बहुतेक साठा तामिळनाडूत आहे, बाकीचा मुख्यतः राजस्थान-गुजरातेत. तो लांब नेणे परवडत नाही, शिवाय ढिगात आपोआप पेटतो. म्हणून नेय्वेलीसारखे वीजकेंद्र खाणीच्या तोंडाशीच उभारावे लागले. समुद्रमार्गे आपल्याकडे येतो तो मुख्यतः इंडोनेशियाचा कमी उष्मांकाचा कोळसा. लिग्नाइटच्या तो अगदी शेजारी बसतो. चीनच्या आयात नोंदींत तर त्यातला बराचसा लिग्नाइट म्हणूनच लागतो.

या मालाचा प्रयोगशाळेचा कागद नीट वाचावा. त्यावर किलोला 5000 किलोकॅलरी असा आकडा असतो आणि शेजारी बारीक अक्षरात ‘एअर ड्राइड’. म्हणजे नमुना हवेत सुकवून मोजलेला. तोच कोळसा जसा ट्रकमधून उतरतो तसा, 35 टक्के ओलाव्यासकट मोजला, तर आकडा 4200च्या आसपास येतो. दोन्ही आकडे खरेच. भट्टीत मात्र ओला कोळसाच पडतो, आणि ते पाणी उडवायलाही त्याचीच उष्णता खर्ची पडते.

आता घाट चढवण्याचा खर्च धरू. समजा, बंदरापासून इथपर्यंत टनाला 1500 रुपये भाडे पडले. 5800 उष्मांकाच्या कोळशात लाख किलोकॅलरीमागे भाडे 26 रुपये बसते. 3400च्या कोळशात 44 रुपये. ट्रक तोच, घाट तोच, डिझेल तेवढेच. स्वस्त म्हणून घेतलेल्या मालात आपण पाण्याचे भाडे भरत असतो. निम्मा ओलावा असलेला बगॅस, म्हणजे उसाचा चोथासुद्धा किलोला सव्वादोन हजार किलोकॅलरी देतो, आणि तो रेठऱ्याच्या किंवा यशवंतनगरच्या साखर कारखान्याच्या आवारातच तयार होतो. सहवीजनिर्मिती आल्यापासून कारखाने तो स्वतःच जाळतात, म्हणून लहान ग्राहकाला कोळशाकडे वळावे लागते, हे खरे. पण तुलना कशाशी करायची, हे तरी त्यातून कळते.

ज्या मुलखात उसाच्या साखर-उताऱ्यावरून आंदोलने होतात, 10.25 टक्क्यांच्या पायावर एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरते आणि उताऱ्याचा एकेक दशांश शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, तिथे कोळसा नुसता काट्यावर घेतला जावा याचे मला वाईट वाटते. कोळशालाही उतारा असतोच.

विकणाऱ्यांनी ही मोजणी केव्हाच पत्करली आहे. कोल इंडियाच्या कोळशाची प्रतवारी 2012 पासून एकूण उष्मांकावर ठरते. इंडोनेशियाने 2022च्या जानेवारीत निर्यात तात्पुरती बंद केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरला त्यांचा संदर्भ दर टनाला 330.97 डॉलरवर गेला. पण तो दर 6322 उष्मांकाच्या कोळशाचा होता. कमी उष्मांकाच्या मालाला 2023 पासून तिथे स्वतंत्र संदर्भ दर आहेत. खाणीवर उष्णता मोजून विकलेला माल गावातल्या व्यापाऱ्याच्या आवारात येईपर्यंत नुसता ‘कोळसा’ होतो.

करही बदलला आहे. 21 सप्टेंबर 2025 पर्यंत पाच टक्के जीएसटी आणि वर टनाला 400 रुपये उपकर होता. हा उपकर हलक्या-भारी सगळ्या कोळशाला सारखाच असल्याने हलक्या मालावर त्याचा भार जास्त पडे. तो अन्याय गेला, हे चांगले झाले. आता सरसकट 18 टक्के आहे. गणित केले तर टनाला साधारण 3080 रुपयांच्या खालच्या मालाचा कर उतरला, वरच्याचा चढला. मोठ्या कारखान्याला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. ज्या वीटभट्टीवाल्याला ती मिळत नाही, त्याच्या अंगावर वाढीव कर पुरा बसतो, आणि मग तो आणखी स्वस्त, म्हणजे आणखी ओल्या कोळशाकडे ढकलला जातो.

उष्मांक मोजणारे बॉम्ब कॅलरीमीटर दुर्मीळ नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते असते. दहा-बारा भट्टीवाल्यांनी एकत्र माल मागवला तर तपासणीचा खर्च प्रत्येकाला जाणवणारही नाही. नमुना ट्रक रिकामा होताना, दोघांसमोर काढावा. पावतीवर ओलाव्यासकटचा उष्मांक लिहून घ्यावा, आणि तो कमी भरला तर त्या प्रमाणात पैसे कापले जातील अशी अट घालावी. परदेशी विक्रेत्याशी करार करताना मोठे आयातदार ही अट घालतातच.